लाल ट्रेमधल्या दांड्या

आई, काल सांगलीला आपल्या कारखान्याच्या शेडमध्ये साहेबांचा निरोपसमारंभ झाला आणि तेव्हापासून मी तुझ्यावर संतापलेली आहे. साहेब म्हणजे तेच, तुझेही सुपरवायझर आणि नंतर माझेही. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्यावर चिडायची सवयच मोडली होती. काल ती परत आली.

सकाळपासून आष्ट्याचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही. तू सांगलीहून एसटीनं नुकतीच आली आहेस, हातपाय धुऊन भाकऱ्या थापायला बसली आहेस. मी शेजारी डिप्लोमाचं पुस्तक घेऊन बसले आहे आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेची आकृती काही केल्या डोक्यात शिरत नाही. तू म्हणतेस, "आगं, ह्यात ही तर आमची दांडी, आमी टेबलावर तपासतो ती. आमाला कंपनीच्या इंजिनियरनं समजावून सांगितलंय." आणि पिठाच्या हातानं सांगायला लागतेस. "इंजिनला श्वास घ्यायला झडपा असत्यात. गाडी हळू चालली की झडप एका वेळंला उघडायची, पळाय लागली की जरा आदुगर. त्येच्यासाठी झडपा हलवणारा कॅमशाफ्ट जरासा पुढं सरकवाय लागतो, अन् त्यो सरकतो तेलाच्या जोरावर. आमची दांडी म्हंजी दारं धरणारा गडी. तेल ह्या सरीत सोडायचं का त्या सरीत, ती ठरवती. तिच्यावर केसाएवढी बर, म्हंजी कापताना उरलेली धातूची कूस, ऱ्हायली तरी ती अडकती. मग गाडी सिग्नलला थडथडती अन् बंद पडती." परीक्षेत त्या प्रश्नाचं उत्तर मी तुझं ऐकूनच लिहिलं. तुझ्या कामाचा मला तेव्हा अभिमान वाटायचा, हे तुला कधी सांगितलं नाही.

मग तो लॉट परत आला. गाड्या चाचणीतच बंद पडायला लागल्या होत्या, तेलाचे व्हॉल्व्ह उघडून बघितले तर दांड्या अडकलेल्या. गाड्यांच्या कंपनीचा माणूस आपल्या शेडमध्ये आला, तपासणीच्या टेबलावर कोण होतं म्हणून विचारलं, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "माझी नजरचूक झाली." तुला कामावरून काढलं. घरी येऊन तू मलाही तेच सांगितलंस. मी म्हटलं, "तुझी? तुझ्या नजरेतून कधी काही सुटतं का?" तर माझ्यावरच खेकसलीस, "आता डोळं गेल्यात माझं. पुन्ना इषय नगं." आई, तू त्याच संध्याकाळी सुईत दोरा एका दमात ओवला होतास. मी बघितलं होतं आणि तरीही तुझ्यावर विश्वास ठेवला. तू गावातच हळद निवडायला जायला लागलीस, तुझी नखं पिवळी झाली ती शेवटपर्यंत तशीच राहिली. थोड्याच दिवसांत मला त्याच शेडमधून ट्रेनी म्हणून बोलावणं आलं. मला वाटलं, माझे मार्क बघून. तू सांगलीला येऊन मला सेफ्टी शूज घेऊन दिलेस आणि दुकानातच खाली बसून त्यांच्या नाड्या बांधल्यास. मला लाज वाटत होती आणि तू हसत होतीस.

आज मी त्या शेडची क्वालिटी सांभाळते. आता साताऱ्यालाही आमची दुसरी शेड आहे आणि दोन्हीकडच्या नव्या मुलींना पहिल्या दिवशी मीच शिकवते. त्यांना मी काय सांगते, ऐक. सांगते की इथं एक बाई होत्या, चांगल्या अनुभवी होत्या, पण त्यांनी एकदा हलगर्जीपणा केला आणि अख्खा लॉट परत आला. ती बाई माझी आई, हे सांगत नाही. मुली मान डोलवतात. इतकी वर्षं मी तुझी बदनामी माझ्याच तोंडानं करत आले आणि ती तू मला करायला लावलीस.

काल कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांसाठी शाल, नारळ, सगळं होतं, आणि दोन शब्द मी बोलायचे होते. त्याआधी चहा घेताना साहेब माझ्या शेजारी आले. खुशीत होते. म्हणाले, "तुझी आई लय मोठ्या मनाची बाई. त्या टायमाला माझी नोकरी तिनं वाचवली, तुझी मी लावली. फिट्टंफाट."

मी विचारलं, "म्हणजे काय?"

"आता काय लपवायचं! डिस्पॅचची घाई हुती. बर काढायचं अन् धुवायचं काम मीच थांबवलं. तुझ्या आईनं समद्या दांड्या लाल ट्रेमधी टाकल्या, नापास म्हणून. मी त्या उचलून हिरव्यात घातल्या. मग लॉट परत आल्यावर म्हटलं तिला, तुमच्या पोरीचं बघतो मी." एवढं सांगून त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

मी माइकपाशी गेले आणि हे सगळं, जसंच्या तसं, सांगितलं. आवाज चढला होता माझा. तुझं नाव घेतलं, ती माझी आई होती हेही सांगितलं. साहेबांच्या पत्नी पहिल्या रांगेत मांडीवर नारळ घेऊन बसल्या होत्या, त्यांनी एकदा नवऱ्याकडं बघितलं आणि मग खालीच बघत राहिल्या. साहेब म्हणाले, "आगं, आजच्या दिवशी..." मालक उठून बाहेर गेले. शाल कुणी पांघरलीच नाही.

मला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. तर तुझ्या शेजारच्या टेबलावर बसायच्या त्या मावशी हात धुवायच्या नळापाशी मला म्हणाल्या, "आमाला समद्यांना ठावं हुतं गं. तुझ्या आईनं शपथ घातली हुती, पोरीला कळू द्यायचं न्हाई."

म्हणजे सगळ्या शेडला माहीत होतं. माझ्या ट्रेनिंगच्या वेळी मागं उभ्या राहून ती गोष्ट ऐकणाऱ्या बायकांनाही माहीत होतं. साहेबांवरचा राग कालच संपला, आई. त्यांनी स्वतःला वाचवलं, माणसं वाचवतात. पण तू? तुझं काम तुझं होतं, तुझं नाव तुझं होतं, पण ज्या नोकरीसाठी ते दिलंस ती माझी होती. मला विचारायला नको होतं? एक वाक्य तरी? आजारपणात महिनाभर मी तुझ्या उशाशी बसून होते, तेव्हाही तू माझ्याशी पावसापाण्याचं बोललीस. मला न सांगता माझ्यासाठी एवढं करणं, याला सगळे मोठं मन म्हणतात. मला ते मोठं मन नको होतं. मला त्या टेबलावर मान वर करून बसलेली आई हवी होती.

सोमवारी नवी बॅच आहे. त्यांना खरं काय ते सांगेन, तुझ्या नावानिशी. हे लिहिलेलं मात्र कुणाला दाखवणार नाही, तुझ्या फोटोपुढंही ठेवणार नाही. कारण मघापासून मला विचारलं नाहीस, विचारलं नाहीस म्हणून तुझ्याशी भांडतेय खरी, पण तेव्हा मला नोकरी फार हवी होती. तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं नसतं.