पेटीचा दुखवटा

सोलापूर
ता. १ मार्च १९७६

चि. मुक्ता हिस महिपतीकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दादांचं, म्हणजे तुझ्या अण्णांचं, तेरावं काल गावी नीट पार पडलं. तू तिसऱ्या दिवशी अहमदाबादला नोकरीवर परत गेलीस म्हणून तुझी आत्या केराअक्का चिडली होती. बापाचं तेरावं टाकून जाण्याएवढी कसली नोकरी, असं ती चारचौघांत म्हणाली. मी तिला समजावलं की उपग्रहावरून खेड्यात टीव्ही दाखवायचा हा प्रयोग वर्षाचाच आहे, त्यात रजा मिळत नाही, आणि दादांनीही दिल्लीतली शेवटची वर्षं याच कामात घालवली. तुझ्या वाटणीची पोळी मात्र तिने झाकून ठेवली होती, ती शेवटी मी खाल्ली.

वर्तमानपत्राचे संपादक आले होते. दादांच्या रविवारच्या लेखाची जागा आता कुणाला द्यावी, असं मला विचारत होते. मी टॉवेलच्या कारखान्यात हजेरी घेणारा माणूस, मला त्यातलं काय कळणार? दादा आधी मुंबईत सचिवालयात होते, मग दिल्लीत, मग नोकरी सोडून राजकारणावर लिहू लागले. पण घरी आले की आमचं बोलणं मेंढरं आणि पाऊस यांवरच व्हायचं. मला तेवढं पुरे होतं.

त्यांचा चष्मा कपाटात ठेवला आहे. तुला हवा असेल तर पाठवतो. जेवणाची आबाळ करू नकोस. आमच्यावरची माया आहे तशी राहू दे.

तुझा काका
महिपती

अहमदाबाद
ता. ९ मार्च १९७६

ती. महिपतीकाका यांना मुक्ताचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चष्मा तिथेच असू द्या, मी आल्यावर घेईन.

एक अडचण आहे. प्रयोगातली आपल्या बाजूची गावं सगळी सीमेपलीकडची, कर्नाटकातली. आपल्या गावालाही कानडी कळतं, असा हट्ट धरून अण्णांनी एक टीव्ही तिथे मिळवून दिला, हे तुम्हाला माहीत आहेच. कुठला संच चालू, कुठला बंद, याचा अहवाल आमच्या कचेरीत येतो. आपल्या गावचा संच अण्णा गेले त्या दिवसापासून तेराव्यापर्यंत बंद होता. बिघाड काही नव्हता.

आमचे साहेब महादेवप्पा यांच्या टेबलावर अण्णांचा जानेवारीतला लेख आहे. पेटी आपलं ऐकत नसेल तर गावानं ती बंद करायला शिकावं, असं त्यात एक वाक्य आहे. साहेबांना वाटतं की गावाने बहिष्कार घातला. हल्लीच्या आणीबाणीच्या दिवसांत हा शब्द किती जड आहे ते मी लिहायला नको. संच महिनाअखेर उचलून नेणार आहेत. संचाची किल्ली सिद्धाप्पा मास्तरांकडे असते, म्हणून त्यांच्यावर नोटीस निघेल. शाळेची नोकरीही जाऊ शकते.

साहेब वाईट नाहीत. ते एकेकाळी अण्णांच्या हाताखाली होते, म्हणूनच जास्त जपून वागतात. नक्की काय झालं ते विचारून लवकर कळवा. तुमच्या पत्राची वाट बघते आहे. लोभ आहेच, तो असाच असू द्यावा.

आपली
मुक्ता

सोलापूर
ता. १५ मार्च १९७६

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल एस.टी.ने गावी जाऊन आलो. विचारून आलो ते जसंच्या तसं लिहितो.

दादांना अग्नी दिला त्या संध्याकाळी मी माणसांच्या गडबडीत घरीच होतो. बाकी गाव शाळेच्या ओसरीवर पेटीसमोर जाऊन बसलं. गाव दादांना श्रीमंत या नावानेच ओळखतं. श्रीमंत दिल्लीचा साहेब, पेटी त्यानेच आणलेली, तेव्हा त्याची बातमी पेटी सांगणारच, असं सगळे धरून चालले होते. बातम्यांत मंत्री आले, धरण आलं, दादा काही आले नाहीत. तेव्हा अक्का उठली आणि पेटीतल्या बाईला म्हणाली की बये, समद्या जगाचं तुला ठावं, आन् ज्यानं तुला हितं आणून बसवली त्यो गेल्याचं तुला न्हाय व्हय? एकदोघं हसले. मग बायकांना रडू आवरेना. माझा चुलतभाऊ धुळातात्या, तो म्हणाला की घराला सुतक तर पेटीलाबी सुतक, आणि खांद्यावरची घोंगडी काढून त्याने पेटीवर टाकली. वडीलधाऱ्यांनी सांगितल्यावर मास्तरांनी कुलूप लावलं. तेराव्याला अक्काने घोंगडी काढली, पेटीला हळदकुंकू लावलं आणि पुढ्यात पोळीचा तुकडा ठेवला.

लेख गावात कुणी वाचलेला नाही. पेपर अक्कलकोटपर्यंत येतो, पुढे येत नाही.

मी धुळातात्याला सरळ विचारलं की हा दुखवटा होता की राग. तो म्हणाला की व्हय, दोनी.

नुसता दुखवटा लिहिलास तर बहुधा प्रकरण मिटेल. मास्तरांच्या तीन मुली लग्नाच्या आहेत. रागाचं लिहिलंस तर काय होईल ते तुला जास्त कळतं. सल्ला देण्याएवढा मी शहाणा नाही. जे करशील ते कळव. तुझ्याबद्दल इथे काळजी आहे आणि मायाही आहे.

तुझा काका
महिपती

अहमदाबाद
ता. २४ मार्च १९७६

ती. काका यांना सा. न. वि. वि.

दोन्ही लिहून दिलं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली की खालचा रागाचा परिच्छेद काढून टाक, वेडी आहेस का. पण तो काढला तर केराआत्या जे बोलली ते मीच खोडल्यासारखं झालं असतं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि खणात ठेवला. आज कळलं की ते स्वतः गावी येणार आहेत. तोवर नोटीस थांबवली आहे, संचही तिथेच राहील. कृपा करून गावात कुणाला काही शिकवू नका. मला रात्री झोप लागत नाही. मास्तरांना सांगा की मी लिहिलं ते खरं लिहिलं. मला समजून घ्या, एवढीच विनंती.

आपली
मुक्ता

सोलापूर
ता. १२ एप्रिल १९७६

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे साहेब काल गावी येऊन गेले. मी होतो.

ओसरीवर सतरंजी टाकली होती. साहेब कानडीत बोलायला लागले तशी अक्काला बळ आलं. तिने अर्धं कानडीत, अर्धं मराठीत त्यांना झोडपलं की तुमच्या पेटीला तोंड हाय, कान न्हाईत. पेटी बंद करायला कुणी सांगितलं, असं साहेबांनी विचारलं. धुळातात्या म्हणाला की घोंगडी माजी, हात माजा, मास्तरला सोडा. मग साहेबांनी दादांचं ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं. हे आमच्या श्रीमंतानं लिवलंय का, असं अक्काने विचारलं. साहेब हो म्हणाले. तर ती म्हणते, मग बरं लिवलंय की!

शेवटी साहेबांनी विचारलं की पुन्हा कुणी गेलं तर पेटी पुन्हा बंद करणार का. सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मास्तर खाली बघत होते. कुणीही एक नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. धुळातात्याने तंबाखू मळून होईपर्यंत वेळ घेतला आणि म्हणाला की कोन गेलं त्येवर हाय. साहेबांनी विचारलं, म्हणजे कसं? तर म्हणाला, तुमी गेला तर न्हाय करनार.

मग साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

निकाल काय तो त्यांनी सांगितला नाही. चहा झाल्यावर मला बाजूला घेऊन दादांना अग्नी दिला ती जागा दाखवायला सांगितली. तिथे बराच वेळ उभे होते. मी थोडा लांब थांबलो. परतताना एवढंच म्हणाले की सरकारी कागद कसा लिहायचा ते ह्यांनी शिकवलं.

आता काय होईल ते होवो. तू खरं लिहिलंस ते बरं केलंस, असं मला काल वाटलं. मास्तरांनी तुला नमस्कार सांगितला आहे. आठवण ठेव, आम्हीही ठेवतो.

तुझा काका
महिपती

अहमदाबाद
ता. ६ मे १९७६

ती. काका यांना सा. न. वि. वि.

नोटीस रद्द झाली. मास्तरांना आधी हे सांगा, मग पुढचं वाचा. संच प्रयोग संपेपर्यंत, म्हणजे जुलैअखेर, गावातच राहील.

साहेबांनी सगळ्या गावांना परिपत्रक काढलं आहे. गावात दुखवटा असल्यास संच बंद ठेवण्यास हरकत नाही, गेलेल्या माणसाचं नाव कार्ड टाकून कळवावं, एवढाच मजकूर. वरच्यांनी विचारलं की नाव कशाला हवं. साहेबांनी परिपत्रक तसंच जाऊ दिलं.

पहिलं कार्ड काल आलं, रायचूरकडच्या एका खेड्यातून, कानडीत. गौरम्मा नावाची म्हातारी रोज पुढे येऊन बसायची, ती वारली, म्हणून पेटी तीन दिवस बंद ठेवली, असं लिहिलं होतं. अहवालात संच बंद असण्याच्या कारणाचा रकाना असतो. तिथे बिघाड किंवा वीज नाही, एवढंच आम्ही आजवर लिहीत आलो. काय लिहू, असं मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, गौरम्मा लिही.

मी लिहिलं. आत्याला सांगा. मी जूनमध्ये येते, तोवर सगळ्यांना सांभाळा, स्वतःलाही.

आपली
मुक्ता