सगळे एकदम बोलते तवा

११ जानेवारी, रविवार

आज बोलली! तोंड उघडून, मोठ्यानं! कोणाले ऐकू येत नोतं म्हणूनच बोलली — पण बोलली.

तारामावशीसोबत हुडको कॉलनीत गेली होती, प्रार्थनेले. मावशी म्हणजे आमच्या बाजूच्या घरची. ब्लाउज शिवते, येशूले मानते. मागच्या दोन रविवारी मी नुसती भिंतीले टेकून बसली. तिथं एका घराच्या हॉलमध्ये सगळे सतरंजीवर बसते. गाणं झालं का पास्टर केवलराम हात वर करते — "सब मिलके! अपनी-अपनी भाषा में! ज़ोर से!" अन् सगळे एकदम सुरू. कोणी हिंदीत, कोणी छत्तीसगढीत, एक आंटी तेलुगूत. कोणी रडून राहिलं, कोणी टाळ्या वाजवून राहिलं. असा गलका का बाजूच्याचंबी काही समजत नाही.

त्या गलक्यात मी म्हणून पाह्यलं — देवा, मले भीती वाटते. कोणीच वळून नाही पाह्यलं! मंग अजून मोठ्यानं म्हटलं. मराठीत. माझाच आवाज मले ओळखू नाही आला, थोडा जाडा आहे. मंग थांबताच येईना. शाळेचं सांगितलं, छातीचं सांगितलं, सगळं. आमेन झालं तवा माझे हात गरम होते. नेहमी थंडगार असते.

येताना मावशीनं ठेल्यावर पाणीपुरी खाऊ घातली, इथं गुपचुप म्हणते. पुऱ्या संपल्या. "भैया, थोडा पानी और" एवढंच म्हणायचं होतं. म्हणताच नाही आलं! रिकामा द्रोण धरून उभी.

१२ जानेवारी

घरी मालूम नाही. मावशीकडे पिको-फॉल शिकाले जाते, एवढंच सांगितलं आहे. शिकतेबी, म्हणून पूर्ण खोटं नाही.

बाबा स्टील प्लांटमध्ये ठेक्यावर आहे. रविवारी बुद्धविहारात जाते. तिथले सचिव आहे, भाषण देते, लोकाइले समजावते. माझं नाव त्याइनंच ठेवलं, संघमित्रा. "ते समुद्र पार करून गेली धम्म सांगाले, अन् आमची चौकातल्या दुकानापर्यंत नाही जात!" हसून म्हणते. पाहुण्याइसमोर म्हणते.

नववीत धडा वाचाची पाळी बेंचा-बेंचानं सरकत येत होती. माझ्यापर्यंत आली अन् अक्षरं हलाले लागले. बोटं सुन्न. श्वास आतच जाईना. खाली पडली. पोट्टे हसले. दुसऱ्या दिवशी गेटपर्यंत गेली अन् वापस आली. मंग गेलीच नाही. डॉक्टर म्हणे, "गैस है. टेंशन मत लो बेटा." जसं काही मी दुकानातून घेऊन आली टेंशन!

१५ जानेवारी

सकाळपासून धडधड. आई म्हणे, चहा कमी पी.

१८ जानेवारी, रविवार

आज पास्टरनं एका बाईची गोष्ट सांगितली. कितीतरी वर्षांची बिमार. गर्दीत येशूच्या मागून गेली अन् लपून त्याच्या कपड्याले हात लावला. बरी झाली! पण येशू थांबला. म्हणे, कोणी हात लावला? मंग तिले सगळ्याइसमोर थरथरत सांगा लागलं.

मले तं रागच आला. रस्त्यात मावशीले म्हटलं, "कावून विचारलं त्यानं? बरी झाली होती नं. जाऊ द्याचं तिले."

"मले काय मालूम ओ माय," मावशी हसली. चपलेतला खडा काढला, थोडं चालली, मंग म्हणे, "पण मंग ते बरी होऊनबी चोरासारखीच घरी गेली असती नं."

मले चोरासारखं जाणं चांगलं जमते.

पण आजबी गलक्यात बोलली. मागच्या वेळेपेक्षा जास्त. रात्री झोप लागली, आईनं हलवून उठवलं!

२१ जानेवारी

रविवारची वाट पाहाणं होत नाही. घरीच करून पाह्यलं. आवाज पाहिजे म्हणून मिक्सर लावला अन् डोळे मिटले. दोन वाक्यं झाली नाही तं आई आली. "रिकामं मिक्सर कावून फिरवून राहिली? भैताड झाली काय?"

म्हटलं, वाळवून राहिली.

"मिक्सर वाळवून राहिली! वा रे माझी इंजिनियर."

२५ जानेवारी, रविवार

नाही जात आता. कधीच नाही.

गाणं झालं. मी तयारच होती, डोळेबी मिटले होते. अन् पास्टर म्हणे, "बाजू वाले घर में बच्चे की बोर्ड परीक्षा है, उनको तकलीफ हो रही है. तो अब से धीरे-धीरे, एक-एक करके. शांति से." सगळे गोल बसले. एकाचं झालं का बाजूच्याचं. बाकीचे चूप. पंख्याचा आवाज येत होता एवढं चूप.

पाळी सरकत येऊन राहिली होती. तेलुगू आंटी. तिच्या बाजूचे अंकल. मंग मावशी. मावशीनं माझंच नाव घेतलं प्रार्थनेत. मंग सगळे थांबले — माझ्यासाठी. कोणी ओरडलं नाही. उलट प्रेमानं पाहून राहिले होते. ते अजून वाईट!

उठली अन् पळाली. एक चप्पल माझी, एक कोणाची काय मालूम. हुडकोपासून आमच्या रुआबांधापर्यंत पायी, एकटी. एवढ्या दूर एकटी मी कधी चालली नोती, पण हे घरी आल्यावर आठवलं.

देवा, तूबी शाळेसारखाच निघाला.

२७ जानेवारी

मावशीनं दार वाजवलं. "चप्पल आणली ओ तुझी. उघड नं." मी पलंगावर पडून राहिली. चप्पल पायरीवर ठेवून गेली ते.

२९ जानेवारी

बाबाले समजलं. मावशीनंच सांगितलं, तेबी कौतुकानं! चौकात भेटली म्हणे — "भाऊ, तुमची संघमित्रा काय सुंदर प्रार्थना करत होती! कशी मोठ्यानं! आता कावून रुसली?"

बाबा डब्याची थैली घेऊनच दारात उभे होते. "माझा आजा नागपूरले गेला होता दीक्षा घ्याले. कोणासमोर झुकाचं नाही म्हणून. अन् तू?"

आई म्हणे, "जाऊ द्या नं, पोट्टी आहे."

"जाऊ द्या काय! ते तिथं बोलते म्हणे. मोठ्यानं! घरी दोन वर्षं झाले, हो अन् नाही, तिसरा शब्द नाही. असं काय आहे जे बापाले नाही सांगता येत अन् परक्याच्या घरी सतरंजीवर बसून सांगता येते?"

मले म्हणायचं होतं, तिथंबी कोणाले ऐकू नाही जात बाबा. म्हणूनच सांगितलं.

मंग पाह्यलं तं बाबाचे डोळे लाल. राग असता तं बरं होतं.

३० जानेवारी

बाबा बोलत नाही. मी समोर असली तरी पोळी आईले मागते.

१ फेब्रुवारी, रविवार

बाबा विहारात. आई भिशीले गेली. घरात मी एकटी. बाजूले मावशीच्या दाराले कुलूप. तिकडे आता गाणं चालू असन.

दुपारी ते शाळेतल्यासारखं आलं. छाती, बोटं, सगळं. वाटलं आता मरते. न्हाणीच्या कोपऱ्यात जमिनीवर बसली. प्रार्थना कराचा आवाजच नोता. ओठबी हलले नाही. फक्त मनात म्हटलं, येशू, बस इथं. काही करू नोको. बस फक्त.

भीती गेली नाही. पण कोणीतरी बसलं होतं. मले समजावता नाही येणार कोणाले. मी एकटी नोती, एवढं पक्कं. हळूहळू श्वास आला. ओली फरशी थंड लागाले लागली, मंग उठली.

शाळेत माझ्याजवळ असं कोणी नाही बसलं. देवा, तुले शाळेसारखा म्हटलं होतं, ते वाक्य मी वापस घेते.

३ फेब्रुवारी

विचार करून राहिली. त्याले तं न बोलताबी ऐकू गेलं. मंग मोठ्यानं बोलाची गरज कोणाले आहे? मले? का बाबाले?

४ फेब्रुवारी

बाबा समोरच्या खोलीत बातम्या पाहून राहिले होते. मी चुलीच्या ओट्यापाशी उभी राहिली, डोळे मिटले अन् सुरू केलं. मोठ्यानं. देवा, मले भीती वाटते. लोकाइची वाटते, दुकानाची वाटते. बाबाले माझी शरम वाटत असन, याची सगळ्यात जास्त वाटते —

बाबानं टीव्हीचा आवाज बंद केला. घरात माझाच आवाज होता.

मी थांबली नाही.