कोरी ओळ

१२ ऑक्टोबर १९८७, सोमवार

प्रिय वांडा,

तुझा गुडघा आता कसा आहे? थंडी लवकर पडलीय, जपून चाल. माझ्या अंगणातल्या सफरचंदांना यंदा कीड लागली, तरी चार बरण्या मुरांबा झाला. एक तुझ्यासाठी ठेवलीय. एप्रिलपासून आपण बोललो नाही, म्हणून ती पोचवायचा धीर झाला नाही.

शुक्रवारी चर्चच्या स्वयंपाकघरात पिरोगी भरायला तुझी बहीण हेलन माझ्याशेजारीच बसली. बटाट्याचं सारण पुढे सरकवत म्हणाली, "वांडाचा वकील हात टेकायला आलाय. तेवीस तारखेला दावा लावायची मुदत संपते, आणि पुरावा म्हणून कागदाचा एक कपटा नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या पिरोग्यांची तोंडं नीट मिटत नाहीत, बर्नी. बाकी तोंड मिटून बसणं तुला छान जमतं."

मी ती पिरोगी उघडून पुन्हा मिटली.

तुला कोर्टाकडून ज्यूरीत बसायचं बोलावणं आलं, तेव्हा आपले मालक क्रेगलोसाहेब म्हणाले होते, "आजारी आहे म्हणून कळव." तू म्हणालीस, "न्यायाधीशाशी खोटं बोलू? त्यापेक्षा तुमच्याशी भांडेन." अकरा दिवसांनी तू परतलीस, तर पडदे शिवायच्या तुझ्या मशीनवर दुसरी बाई बसलेली. बावीस वर्षांची नोकरी गेली. ऑफिसात माझ्या टेबलाशी येऊन तू विचारलंस, "कारण काय गं?" मी म्हटलं, "मालकाला कारण द्यावं लागत नाही, वांडा. कायदाच तसा आहे."

ते खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

आठवतं, शाळेत सिस्टर इमॅक्युलाटा आपल्याला अर्जातली एकही ओळ रिकामी सोडू देत नसत? "रिकामी ओळ म्हणजे लपवलेली गोष्ट," म्हणायच्या. ती सवय हाडीमाशी खिळलीय. तुझी कामावरून काढल्याची चिठ्ठी टाइप करताना 'कारण' असं छापलेलं दिसलं आणि मी सरळ लिहून टाकलं: अकरा दिवस ज्यूरीवर, गैरहजर.

क्रेगलोसाहेबांनी सही केली, मग वाचलं. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, वीस वर्षं इथे बसून हे शिकलात? कारण नसताना काढलं तर कुणी विचारत नाही. ज्यूरीवर गेली म्हणून काढता येत नाही; हे कारण लिहिलं तर कोर्टात उभं राहावं लागेल. ती ओळ कोरी ठेवा."

वरचा कागद त्यांनी फाडला. मी नवी चिठ्ठी टाइप केली, कोऱ्या ओळीची. तीच तुला मिळाली.

पहिल्या चिठ्ठीची कार्बनखालची प्रत मात्र त्यांच्या लक्षात आली नाही. ती मी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. सहा महिने दर रविवारी पुस्तक उघडत होते आणि ते पान टाळत होते. मला निवृत्त व्हायला तीन वर्षं उरलीत, एवढंच माझं कारण. मोठं काही नाही.

प्रत सोबत जोडली आहे. सही पुसट आहे, पण वाचता येते. उद्या दुपारी मी तुझ्या वकिलाकडे जाऊन हे सगळं शपथेवर सांगणार आहे. वेळ ठरवलीय, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

त्यानंतर मलाही चिठ्ठी मिळेल. तिच्यातली 'कारण' पुढची ओळ कोरीच असेल. ती तेवढी तू भर.

तुझ्याच बाकावरची,
बर्नाडीन