लुगड्याचं दुसरं टोक

लोणखेडे, ता. शहादे, पश्चिम खानदेश
ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८६१

ती. वन्सं यांच्या पायांवर प्रमिलेचं डोकं. (प्रत्यक्षात ठेवता आलं नसतं; सध्या कंबर वाकत नाही. कारण ओघात येईल.) तुमचा दमा कसा आहे? धुळ्याला पाऊस लागला का? आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. अक्षर वाकडं दिसेल, त्याची काळजी करू नये. घर जवळजवळ उभं राहिलं आहे, पण ते पाहायला येण्याची घाई मुळीच करू नका. उगाच दगदग.

लोखंडी घराचं खापर तुम्ही माझ्यावर फोडणार, म्हणून आधीच सांगते. जुन्या धाब्याच्या घराची तुळई वाळवीने आतून पोखरली होती. गेल्या दिवाळीत ती आपण होऊन खाली आली, आणि ज्या पाटावरून तुमचे बंधू नुकतेच हात धुवायला उठले होते त्या पाटाचे दोन तुकडे झाले. तेव्हा मी म्हटलं की यापुढे घराला लाकडाची काडी लागणार नाही. चूक एवढीच झाली की हे मी जन्मभर रेल्वेचे पूल तपासलेल्या माणसासमोर म्हटलं. पेन्शनीत गेलेल्या त्या चेहऱ्यावर असं तेज आलं की आमच्या लग्नातही मी तसं पाहिलं नव्हतं. नंदुरबारला जुने रूळ लिलावात निघाले होते. ते लोटन गाडीवानाने प्रकाशा गावापाशी तापीच्या वाळूतून ओढून आणले, आणि गवंडी-सुतार न लावता तिपाई, कप्पी आणि बायको यांच्या बळावर सांगाडा उभा करायचं ठरलं.

तो त्यांनी पुलासारखाच उभा केला आहे. लोखंड उन्हात वाढतं म्हणून प्रत्येक जोडात बोटभर फट सोडली आहे. (हे शास्त्र मी कॉलेजात शिकले आहे. पण त्या पुस्तकातल्या सळईखाली कोणाला संसार करायचा नव्हता.) त्यामुळे दुपारी घर गप्प असतं आणि आभाळ येऊन गारवा पडला की सगळे जोड कुरकुरू लागतात. वारा सुटला तर थेट गाडी पुलावर आल्याचा आवाज. आम्ही सध्या दोधू पाटलांच्या खळ्यातल्या छपरात राहतो. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “बाई, हाई घर शे का पूल? खालतून नदी कवय येवाव शे?” नदी कधी यायची ती येवो, आभाळ मात्र रोज येतं. आखाजीला, बायकांच्या झोक्यांच्या सणाला, घरात जायचं होतं; त्या दिवशी गारा पडल्या. नंतरच्या वादळात बसवलेले चार पत्रे उडाले. त्यातला एक दोधू पाटलांच्या बैलांपुढे असा आपटला की बैल दोन दिवस त्या बाजूला तोंड करीनात. शेजारच्या कौसाबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “माय वं, इजले लोखंड आवडस.” मी त्यांना विजेचा नियम नीट समजावून सांगितला. सांगताना माझे दात वाजत होते.

कारण वन्सं, ढग गडगडला की तुमचे बंधू गस्तीला निघतात. पावसाळ्यात रुळांवर गस्त असते ना, तशी घरावर. खाकी कोट चढवायचा, पाना आणि हातोडी घ्यायची, खांबावर चढायचं आणि आडव्या रुळावरून सरकत एकेक बोल्ट ठोकून त्याचा आवाज ऐकायचा. वय अठ्ठावन्न, रूळ ओला, वर वीज. मी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. (अबोला त्यांच्या लक्षातच आला नाही.) दोर सगळे पत्रे बांधण्यात गेले, म्हणून शेवटी माझं जुनं नऊवारी त्यांच्या कमरेला बांधलं आणि वरच्या तुळईवरून खाली घेतलं. दुसरं टोक खांबाला बांधावं तर त्यांना पुढे सरकता येत नाही. तेव्हा ते माझ्या कमरेला.

परवा त्यांचा पाय घसरला. ते खाली आले आणि मी वर गेले. मध्यावर आमची समोरासमोर गाठ पडली. मला वाटलं, आता हा मनुष्य काहीतरी बोलेल. ते म्हणाले, “उत्तरेकडचा बोल्ट ढिला आहे.” कौसाबाई धावत आल्या, आधी “आखाजी व्हई गई वं बाई, आते कसाना झोका?” म्हणाल्या, मग माझ्या पायांना लोंबकळल्या, तेव्हा कुठे तराजू थांबला. त्या रात्री हे गाढ झोपले. मी त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून बसले होते.

तरी एकंदरीत सर्व ठीक. तुम्ही येऊ नये. प्रकृतीस जपावं.

तुमची,
प्रमिला

ता. क. तुमचं एखादं जुनं लुगडं असेल तर पाठवा. जाड सुताचं हवं. माझं काठाजवळ उसवलं आहे.

ता. क. दुसरा. लुगडं पाठवू नका, घेऊन या. अक्षर वाकडं आहे ते हे पत्र मी खांबाशी बसून, कमरेला टोक बांधून लिहिते आहे म्हणून. ते वर आहेत. तोरणमाळाकडून काळं आभाळ उतरलं आहे आणि जोड कुरकुरू लागले आहेत. लहानपणी चिंचेवरून त्यांना तुम्ही एका हाकेत उतरवत होता म्हणतात. ती हाक मला येत नाही. आणि हाकेने नाही भागलं, तर तुमचं वजन माझ्या जवळजवळ दुप्पट आहे. इतकी वर्षं मी हे मर्यादा पाळून बोलले नाही, आज बोलते. मिळेल त्या गाडीने निघा, आणि मधे एकादशी आली तर कृपा करून उपास धरू नका.