डोळे उघडे ठेवून

मी, खाली सही करणारा, धंद्याने न्हावी, श्रद्धेने ख्रिस्ती व स्वभावाने तिखट, हे मृत्युपत्र अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. बायको शेजारी बसून ओळ न् ओळ वाचते आहे. त्याला दडपण म्हणू नये, असे तिचे म्हणणे आहे.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक बायकोला. तिने माझे घोरणे जन्मभर सोसले. त्याची भरपाई होईल एवढी शिल्लक नाही, हे तिला ठाऊक आहे.

२. दुकान, दोन्ही खुर्च्या व मोठा आरसा मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. अट एकच. गळ्याला वस्तरा लावण्यापूर्वी आपल्याकडे जी प्रार्थना होते ती चालू ठेवावी : "प्रभू, ही मान तुझ्या हाती, वस्तरा माझ्या." लांबवू नये, फेस वाळतो. देवाला रविवारी चर्चमध्ये भेटायचे आणि बाकीचा आठवडा दुकानाबाहेर ताटकळत ठेवायचे, हे मला कधी जमले नाही. दाढीला येणारा कोणी घरी भांडून आलेला असतो, कोणी लग्नाला निघालेला असतो. त्याच्यासाठी देवाशी बोलायला मला तेवढीच फुरसत मिळते.

३. आता धाकटा भाऊ. याच प्रार्थनेवरून तो दुकानातून वेगळा झाला. "दादा, मान वस्तऱ्याखाली असताना तू देवाचं नाव काढलंस, की गिऱ्हाईकाला वाटतं आपलं आटोपलं." मी म्हणालो, "तुला देवाची लाज वाटते." तो म्हणाला, "लाज नाही रे, गिऱ्हाईकाची दया येते." मग त्याने बरोबर समोरच दुकान थाटले.

पुढे एकदा पाळकसाहेब माझ्या खुर्चीत बसले असता म्हणाले, "बाबा रे, प्रार्थना डोळे मिटून करावी." मी त्यांचा शब्द मोडत नाही. मिटले. अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी माझ्या हाती द्यायची त्यांची हिंमत झाली नाही. त्या रविवारी त्यांचे प्रवचन क्षमेवर होते व मंडळीने ते कधी नव्हे इतके लक्ष देऊन ऐकले.

सोमवारी भावाच्या दुकानावर पाटी लागली : "येथे डोळे उघडे ठेवून दाढी केली जाते." सगळी गल्ली हसली, बायकोही हसली. (ती म्हणते, हे खोडा. खोडणार नाही.) तेव्हापासून आम्हा भावांत बोलणे नाही.

पण ती पाटी माझ्या आरशात दिसते. रोज उलटी वाचता वाचता मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करू लागलो, आणि ज्याच्यासाठी मागतो तो माणूस मला दिसू लागला. कोणाचे डोळे जागून लाल झालेले असत, कोणाच्या कॉलरचे बटण तुटलेले असे. हे त्या गाढवाने मला शिकवले, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. मला त्याची फार आठवण येते.

४. वडिलांचा वस्तरा भावाला. आम्ही दोघे त्याच्यावरच शिकलो. मी गेलो की मुलीने रस्ता ओलांडून काकाला बोलवावे. माझी शेवटची दाढी त्यानेच करावी. माझ्या हनुवटीखालच्या खळग्यात केस उलटे वाढतात. तो खळगा त्याच्याएवढा कोणालाच ठाऊक नाही, मलाही नाही. तो आला नाही तरी वस्तरा त्याचाच. मला दाढीसकट पुरावे, प्रभू ओळखेल.

आलास तर, धाकट्या, आपली प्रार्थना तेवढी म्हण. या गिऱ्हाईकाला घाबरवायची भीती नाही. माझे डोळे मिटलेले असतील. तू तुझे उघडे ठेव.

ठिकाण : माझे दुकान, पहिली खुर्ची.
दिनांक : सोमवार, सुट्टीचा दिवस. समोरचे दुकान उघडे आहे.

सही : दादा

साक्षीदार :
शेजारचा औषधवाला. माझ्यासमोर सही केली, शुद्धीत होते.
पाळक. वाचले व सही केली, डोळे उघडे ठेवून.