चीक निथळेपर्यंत

ती. वहिनींस,

पाय धरून नमस्कार. (तुम्ही पाय मागे घेता, म्हणून लांबूनच धरतो आहे. पत्राची तेवढी सोय असते.) तुमचे गुडघे कसे आहेत? तुमच्या धाकट्या बहिणीला नमस्कार सांगा, आणि तिच्या जिन्याला पंचवीस पायऱ्या आहेत हे मी विसरलेलो नाही, हेही सांगा. इकडे मी खुशाल आहे. दुकान चालू आहे. तळहात, डोकं आणि पोट सोडलं तर प्रकृती उत्तम.

आता तळहाताचं सांगतो. गेल्या मंगळवारी कोटाची कॉलर दाबताना मी इस्त्री कडेला ठेवली, ती घसरली, आणि मी ती झेलली. सत्तावीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस तापलेली इस्त्री झेलतो यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नाही, म्हणून ती क्षणभर जास्तच धरून ठेवली. मग तुमची कोरफड आठवली. तुम्ही बहिणीकडे गेल्यापासून त्या कुंडीकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तरी ती नुसती माजली आहे. (पाणी न घालता वाढणारी झाडं आणि न विचारता सल्ला देणारे शेजारी, दोघांनाही मरण नाही.) एक जाडजूड पान कापलं, उभं चिरलं आणि हातावर थापलं. दहा मिनिटांत हात असा खाजायला लागला की भाजल्याचं दुःख विसरलो. तेवढा गुण आला म्हणायचा.

पान मोठं होतं, उरलं. टाकून देणं तुमच्या शिकवणीत बसत नाही. तुम्ही केसांना लावायचात, म्हणून टाळूवर चोळलं. (नवीन केस येतील अशी आशा नव्हती, आहेत त्यांना बरं वाटावं एवढाच हेतू.) वाळल्यावर डोकं खळ घातलेल्या कापडासारखं कडक झालं. तरी दोन चमचे उरलंच. ते पोटाला चांगलं असतं असं कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून गिळलं. कडूपणाचं वर्णन करत नाही, अजून तोंड वाकडं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर आले, निवृत्तीच्या समारंभाचा कोट शिवायला. तेच, ज्यांनी मला पाचवीचं अर्धं वर्ष हात वर करून उभं केलं होतं. मी त्यांना आरशासमोर उभं केलं, हात पसरायला लावले, ‘अजिबात हलू नका सर’ म्हटलं, छातीभोवती टेप घेतली आणि पोटात कळ आली. टेप तशीच त्यांच्या अंगावर सोडून मागच्या दारानं पळालो. परत येऊन छाती मोजली, पुन्हा पळालो. पाठ मोजली, पुन्हा. असा एक कोट मी पाच खेपांत मोजला. पण माणूस शिस्तीचा. पाऊण तास हात पसरून जागचे हलले नाहीत. शेवटी माझ्या डोक्याकडे आणि मग हाताकडे बघून म्हणाले, “कोरफड का?”

“हो सर.”

“पिवळा चीक काढला नव्हतास. कोणी शिकवलं नाही?”

“शिकवलं होतं सर. माझं लक्ष नव्हतं.”

“ते कधीच नसायचं. आता हात खाली घेऊ?”

वहिनी, मी कबूल केलं ते खरंच होतं. लहानपणी चटका बसला की तुम्ही पान कापून पेल्यात उभं करून ठेवायचात. मी ‘लावा ना’ म्हणून भोकाड पसरायचो, तुम्ही ‘थांब रे, निथळू दे’ म्हणायचात आणि माझा हात मांडीवर घेऊन फुंकर घालत बसायचात. मला वाटायचं, औषध ते हेच. पान म्हणजे नंतरची नुसती रीत. पेल्याच्या तळाशी चीक जमतो हे मी कधी पाहिलंच नाही. मी तुमच्या तोंडाकडे बघत असायचो. नवव्या वर्षी आई गेलेल्या पोराला दुसरं काय बघायला सुचणार?

आता सगळं नीट करतो. पान उभं ठेवतो, चीक निथळला की धुतो, साल काढतो आणि आतला गर तेवढा लावतो. हात बरा होतो आहे. पण तो निथळायचा अर्धा तास काही केल्या सरत नाही. दादा होता तेव्हा आम्ही दोघं मिळून गप्प बसायचो. एकट्याला गप्प बसणं जमत नाही. काल स्वतःच्या हातावर स्वतःच फुंकर घालून पाहिली. तशी येत नाही.

बाकी सर्व ठीक. माझी काळजी नसावी.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. हेडमास्तरांचा कोट छान बसला. फक्त डाव्या बाहीचं माप दोन खेपांच्या मध्ये सापडल्यामुळे ती बोटभर लांब झाली. ते म्हणाले, भाषणाची चिठ्ठी लपवायला बरी.

ता. क. दुसरा. मागच्या पत्रात तुमची खोली एका कारकुनाला भाड्यानं दिल्याचं लिहिलं होतं. कारकून वगैरे कोणी नाही. तुम्ही चिडून भांडायला याल असं वाटलं होतं. तुम्ही ‘बरं केलंस’ असं लिहिलंत.

ता. क. तिसरा आणि खरा. दादा गेल्यावर तुम्ही बॅग भरत होतात, तेव्हा मी दारात उभा राहून ‘तुम्हाला बरं वाटेल तसं करा’ म्हणालो. मला ‘जाऊ नका’ म्हणायचं होतं. शब्द दोनच होते. रविवारी सकाळच्या गाडीनं तुम्हाला न्यायला येतो आहे. यायचं नसेल तर समोर बसवून सांगा. पत्रानं कळवू नका. रविवारपर्यंत आलेलं कुठलंही पत्र मी उघडणार नाही.