पेटीवरचं कुंकू

दसऱ्यानंतरचा मंगळवार, बुइटनव्हेल्डर्ट

आज आमची बाकफीट्स जप्त झाली. पुढे लाकडी पेटी असलेली इथली डच सायकल, लेकीला, इराला, शाळेत न्यायची. ज्याच्याकडून गेल्या महिन्यात ती जुनी म्हणून घेतली, त्याने ती गुन्ह्याच्या पैशातून घेतली होती असा पोलिसांना संशय आहे. "तुमच्यावर संशय नाही," हे पोलीसबाईंनी दारातच सांगितलं.

माझा नवरा निखिल कानाशी येऊन म्हणाला, "कुणाची ओळख काढू का?" इथे कुणाची काढणार, कप्पाळ! आणि मी तरी काय शहाणी? चकल्यांची बशी पुढे केली. बाई हसल्या, पण चकली काही घेतली नाही.

मग त्या यादी करू लागल्या. ओरखडे, घंटी, सीटचा रंग. पेटीवर दसऱ्याच्या पूजेची कुंकवाची पाच बोटं होती. "पूजेचं आहे," म्हणत मी ओशाळून ओढणीने पुसायला गेले, तर म्हणाल्या, "थांबा. कोर्ट ठरवेपर्यंत ही आहे तशीच राहील. कुणी विकायची नाही, बदलायची नाही. आम्हीसुद्धा नाही." वर त्यांच्याच जप्तीविरुद्ध कोर्टात तक्रार कशी करायची, ते सांगणारा कागद दिला. स्वतःविरुद्ध!

उद्या इराला पायी न्यायचंय. राग यायला हवा होता ना मला? पण मघापासून मी त्या यादीची मला दिलेली प्रतच वाचतेय. शेवटची डच ओळ फोनवर भाषांतर करून पाहिली:

"पेटीवर पाच लाल ठसे. पूजेचे आहेत. पुसू नयेत."